मायचा नकार, माझी विनंती

मायनं मला "नाही" म्हणून सांगायला पाठवलं होतं, आणि मी जाऊन "माय विनंती करते" असं सांगून आलो.

चूक एवढीच. ह्यात भूकंपाचा काही दोष नाही. त्या वर्षी आमच्याकडं भूकंपाच्या नावावर पुष्कळ गोष्टी खपल्या. नापास झालेले विषय खपले, मोडलेल्या सोयरिकी खपल्या, एका पाहुण्यानं तर उसनी नेलेली सायकलही भूकंपात गेली म्हणून सांगितलं, आणि नंतर तीच सायकल निलंग्याच्या स्टँडवर मला दिसली. माझी चूक मात्र माझी स्वतःची. दिवसाढवळ्या, पोटभर जेवून, शुद्धीवर असताना केलेली. वर तिला व्याकरणाचा आधार होता. मी लातूरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होतो, आणि इंग्रजीतही माझ्या हातखंड्याचा विषय कोणता, तर डायरेक्टचं इनडायरेक्ट करणं. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं. शब्द बदलले तरी चालतील, अर्थ ठेवायचा. "अर्थ ठेवून" हे दोन शब्द मी फळ्यावर रोज लिहीत असे आणि त्याखाली रेघ मारत असे. रेघ सरळ यायची. तेवढं एक बरं.

खरं तर हा धडा मी इंग्रजीची मुळाक्षरं शिकायच्या आधीच शिकलो होतो. आमचं गाव निलंग्याकडचं. घर माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि त्यावर मातीचंच धाबं. पुढचा भाग थोरल्या चुलत्यांचा. त्यांना मी आबा म्हणायचो. मागचे दोन खण आमचे. वडील मी शाळेत असतानाच गेले, आणि तेव्हापासून मायनं मागं आपली चूल वेगळी मांडली. आबा म्हणजे तिचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडं बाई भायाशी बोलत नाही. भांडण असतं म्हणून नाही, मान असतो म्हणून. पदर पुढं ओढायचा, तोंड भिंतीकडं करायचं आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. मधलं माणूस नसेल तर भिंतीला, घागरीला, म्हशीला. "काय गं बाई, पुढच्या माणसायनी दावं सोडलं तर तुला पाणी तरी पाजता यील," असं माय म्हशीला म्हणायची, आणि पलीकडून आबा मुकाट येऊन दावं सोडायचे. मला बोलता यायला लागल्यावर म्हशीची ही नोकरी माझ्याकडं आली.

म्हशीत आणि माझ्यात फरक एवढाच, की म्हैस मजकुरात बदल करत नसे.

माय म्हणायची, "त्यायला सांग, ओसरीभर कांदे वाळू घातलेत, माणसानं जावं कुठून? डोक्यावरून जाऊ का त्यायच्या?" मी पुढं जाऊन सांगायचो, "आबा, माय म्हणती, कांदे जरा सरकवले तर बरं." आबा मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "तुझ्या मायला सांग, कांदे कांद्याच्या जागी हायत, तिनं तिच्या जागी ऱ्हावं." मी मागं येऊन सांगायचो, "माय, आबा म्हणाले, बघतो." कांदे काही हलायचे नाहीत, पण घरात तोंडाला तोंड लागायचं नाही. आमच्या गल्लीत रोज कुठल्या तरी दोन घरांची भांडणं रस्त्यावर यायची. आमचं घर तेवढं शांत. ती शांतता माझ्यामुळं आहे, असं मला वाटायचं. वाटायचं काय, मी ते चारदोन जणांना सांगितलंही होतं.

ह्या शांततेत एक गोष्ट मला कधी दिसली नाही. मागच्या दोन खणांना रस्त्याकडं दार नव्हतं. मायला बाहेर पडायचं तर आबांच्या ओसरीवरूनच जावं लागे. आणि भाया ओसरीवर बसलेला असताना त्याच्यासमोरून बाईनं जायचं नसतं. म्हणून माय आतल्या चौकटीशी पदर ओढून उभी राहायची. आबा उठेपर्यंत. आबांकडं कुणी आलं, चहा झाला, पान झालं, कुणाच्या तरी बैलाची गोष्ट निघाली, की माय उभी. कधी कळशी कमरेवर घेऊन उभी, कधी शेतावरच्या भाकरी फडक्यात बांधून उभी. मी शेजारून टणटण उड्या मारत बाहेर जायचो. ती का उभी आहे, हे मला माहीत होतं; पण ती उभी आहे, हे दिसत नव्हतं.

मग मी नांदेडला कॉलेजात गेलो. तिथं एक निवृत्त मास्तर भेटले. जुन्या शहरात त्यांच्या घराण्याचं अत्तराचं दुकान होतं. भाऊ गिऱ्हाईक बघायचा आणि हे आतल्या बाजूला गादीवर बसून आम्हा खेड्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवायचे. त्यांच्याकडून शिकलेल्या व्याकरणाला अजून माझ्या डोक्यात हिन्याचा वास येतो. इनडायरेक्ट शिकवताना ते म्हणाले होते, "मियाँ, अल्फाज बदलो, टेन्स बदलो, बोलनेवाले की नीयत मत बदलो. सेड तो कोई भी लगाता है. उसने कहा, के माँगा, के झिडका, के साफ मना किया, ये पहले देखो." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तेव्हापासूनच हुशार.

लातूरला आलो तर तिथं वेगळाच बाजार भरलेला. चाकूर, निलंगा, कंधार, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. खोलीत कॉट भाड्यानं, जेवायला मेस, आणि दिवसभर क्लास. आमच्या क्लासचे संचालक गणिताचे. त्यांना इंग्रजीतही गणितासारखं सूत्र हवं होतं. पोरं एकाच जागी अडकायची: कुणी कुणाला काही करायला सांगितलं, तर तिथं हुकूम लिहायचा, का सल्ला, का मनाई, का विनंती? मी एक रात्र डोकं लढवलं आणि फॉर्म्युला काढला. शंका आली, की रिक्वेस्टेड. विनंती केली. परीक्षक फार तर अर्धा मार्क कापतो, पण विद्यार्थी कुठं थांबत नाही. संचालकांनी तो फॉर्म्युला मोठ्या अक्षरात रंगवून घेतला आणि भिंतीवर लावला. मग आमच्या क्लासच्या वह्यांमध्ये राजानं चोराला फासावर जायची विनंती केली, सेनापतीनं सैन्याला हल्ल्याची विनंती केली, आणि एका दरोडेखोरानं "दागिने काढ, नाहीतर जीव घेईन" हे वाक्य इतक्या अदबीनं सांगितलं, की त्याला दागिन्यांबरोबर चहाही द्यावासा वाटावा. मी तपासून बरोबरच्या खुणा करत होतो.

आणि मग जमीन हलली.

आमचं गाव भूकंपाच्या कडेला होतं. मधोमध असलेल्या गावांचं काय झालं, ते मी इथं सांगणार नाही. ते सांगायला माझ्यासारखा माणूस नको. आमच्याकडं भिंती गेल्या, माळवदं खाली बसली, माणसं बहुतेक वाचली. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली आणि माय त्या भगदाडातून बाहेर आली. आबा आणि मोठी माय, म्हणजे चुलती, अंगणात झोपलेले होते म्हणून वाचले. पण ओसरी ढिगाखाली गेली. मी लातूरहून मिळेल त्या गाडीनं पोचलो तेव्हा माय ढिगातून आपला तवा उकरून काढत होती. मला बघून रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आलास? ते पातेलं धर."

गावाबाहेर पत्र्याचे शेड उभे राहिले. मायचं शेड एका टोकाला, आबांचं दुसऱ्या. काही महिन्यांनी ठरलं, की नव्या जागेवर सरकार पक्की घरं बांधून देणार. तलाठ्यानं गावात सांगितलं, ज्यांची चूल वेगळी त्यांना घर वेगळं. पण जुनं घर ज्याच्या नावावर आहे त्यानं समक्ष तोंडानं सांगायला हवं, की हो, ह्यांची चूल वेगळी आहे. आमचं घर आबांच्या नावावर. म्हणजे मायचं घर आबांच्या जिभेवर होतं.

मी रविवारी गावी गेलो तेव्हा माय वाटच बघत होती. तिनं मला समोर बसवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"जा, मोठ्यायला सांग. म्या त्यायच्या घरात ऱ्हायला येणार न्हाई. माझं घर यगळं पायजे. लहान असू दे, पण दार रस्त्यावर. त्यायनी मागं दोन खण देतो म्हणलं, तरी न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई. असंच सांग. जसंच्या तसं."

"सांगतो की."

"जसंच्या तसं."

"माय, मी पोरांना हेच शिकवतो."

आता मी आबांच्या शेडाकडं निघालो. आबा बाहेर पालथ्या घमेल्यावर बसले होते. आयुष्यभर ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेला माणूस घमेल्यावर बसला, की कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा बघितलं. शेजारी गावातले चारपाच जाणते बसलेले. आबांची दाढी वाढलेली, मिशी खाली उतरलेली. मला बघून म्हणाले, "ये बाबा. काय म्हणती तुझी माय?"

माझ्या तोंडात मायचं वाक्य तयार होतं, पण ते बाहेर यायच्या आत तिथं फॉर्म्युला पोचला. शंका आली, की रिक्वेस्टेड.

"आबा, मायची विनंती हाय, की घराचं तुम्ही तुमच्या मनानं करा. फक्त तिच्या दाराचं तेवढं बघा."

आबांचे डोळे भरून आले. जाणत्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "याला म्हणावं सून." आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तिला सांग, लई काळजी करू नको. घर एकच घेऊ, मोठं. मागं दोन खण तिचेच. दार बी ठिवू आतल्या बाजूनं. पयल्यासारखं."

मी परत आलो आणि मायला म्हणालो, "आबा म्हणाले, काळजी करू नको."

माय इतकी खूश झाली, की तिनं शेडापुढच्या चुलीवर त्या दिवशी धपाटी केली आणि चार धपाटी आबांकडं पाठवली. आबांनी ती कृतज्ञतेची समजून खाल्ली. मायनं ती वेगळं व्हायच्या निरोपाची म्हणून दिली होती. मी दोन्हीकडं खाल्ली.

पुढच्या रविवारी गावात पाय ठेवतो, तर पाण्याच्या टँकरपाशीच माय उभी. तिथल्या बायांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं, की बाई, तू विनंती केलीस म्हणं, मोठ्यायच्या डोळ्यात पाणी आलं म्हणं, कसं गं तुझं मन मोठं. तिनं भरलेली घागर खाली ठेवली.

"इकडं ये रं, इंग्लिस मास्तर."

मी गेलो.

"म्या तुला काय सांगाया धाडलं व्हतं?"

"तेच सांगितलं, माय. जरा गोड करून."

"गोड? म्या पुरण सांगितलं व्हतं का?"

टँकरवरचा माणूस पाईप तसाच सोडून ऐकायला लागला.

"माय, आबा पार खचलेले होते गं. घमेल्यावर बसले होते. वर चारचौघं बसलेले…"

"आन म्या? म्या काय हितं झोपाळ्यावर बसून ऱ्हायले का?"

"तसं नाही. बोलणाऱ्याचा अर्थ ठेवून…"

"कुठं ठिवला माझा अर्थ? शेडात तर मला दिसंना."

बाया हसल्या. मीही हसलो, तेवढंच राहिलं होतं हातात. मग म्हणालो, "थांब, आत्ता जातो आणि नीट सांगतो."

"तू?" माय म्हणाली. "मला तहान लागली, हे बी तू कुणाला सांगू नको. कुणीतरी येऊन मला आंघोळ घालील."

तिनं घागर उचलली आणि गेली. तलाठी नावं घ्यायला बाजारानंतरच्या दिवशी येणार होता. मी लातूरची गाडी धरली.

क्लास तेव्हा आडत बाजाराजवळच्या एका पत्र्याच्या गोदामात भरत होता; फॉर्म्युलाही तिथल्या भिंतीवर आणून लावला होता. स्लॅबखाली पोरं बसवायला एकही पालक तयार नव्हता. तुरीच्या धुळीनं अर्धा वर्ग शिंकायचा, उरलेला अर्धा दाराकडं बघत बसायचा. बूट घालून यायला बंदी होती. पळायच्या वेळी लेस बांधत कोण बसणार? चपला दाराशी, तोंडं बाहेरच्या बाजूला. पण पोरं यायची. घरी भिंत नाही, अंगावर सदरा मामाचा, तरी यायची. धरणी हलली तर हलली, टेन्स एक पाऊल मागं गेलाच पाहिजे, अशा ईर्ष्येनं लिहायची. त्या पोरांना मी काय दिलं होतं? दरोडेखोराची विनंती.

सोमवारी चाकूरकडची एक मुलगी उभी राहिली. ती फार विचारायची म्हणून मी तिच्याकडं शक्यतो बघत नसे.

"सर, समजा कुणी सरळ म्हटलं, मी करणार नाही. तरी रिक्वेस्टेडच का?"

"परीक्षेत चालतं."

"पण तिनं विनंती केलीच नाही ना, सर."

ती व्याकरणातल्या कुठल्या तरी बाईबद्दल बोलत होती. मला टँकरपाशी उभी असलेली माय दिसली. मी खुर्चीवर चढलो आणि भिंतीवरचा रंगवलेला फॉर्म्युला ओढून काढला. खिळा निघेना, म्हणून अर्धा कागद फाटला. मग फळ्यावर लिहिलं, माय मदर रिफ्यूज्ड. माझ्या आईनं साफ नकार दिला. पोरं खिदळली. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "सर, खरंच?" मी म्हणालो, "हो. गावभर माहीत आहे."

कागद फाटल्याचा आवाज संचालकांपर्यंत गेला असावा. ते दारात येऊन उभे राहिले.

"सर, हे काय?"

"फॉर्म्युला मोडतोय, सर."

"अहो, तुमचाच आहे तो!"

"म्हणून तर मला मोडता येतो."

"परीक्षा तोंडावर आली. पालकांना मी काय सांगू?"

"सांगा, मास्तर चुकला."

संचालकांनी पोरांकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "क्लासमध्ये मास्तर चुकत नसतो, सर. सिलॅबस बदलतो. उद्या परत रिक्वेस्टेड लिहा. तुम्ही साहित्यिक होऊ नका, रिझल्ट द्या. नाहीतर येऊ नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी छाती पुढं काढली. पोरं बघत होती. मी इंग्रजीत म्हणालो, "सर, आय रिफ्यूज." आवाज चांगला लागला होता. चाकूरच्या मुलीनं पेन खाली ठेवलं. गोदामातल्या शिंकासुद्धा थांबल्या. आणि त्याच वेळी पत्रे थरथरले, जमीन गुरगुरली, आणि मी खडू हातात धरून सगळ्यांच्या आधी बाहेर रस्त्यावर होतो.

वर्ग जागेवर बसलेला होता. आतून तीच मुलगी म्हणाली, "सर, तुरीचा ट्रक आहे."

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेलो. संचालकांनी काही विचारलं नाही. पत्र्याखाली इंग्रजी शिकवायला दुसरं कुणी मिळत नव्हतं. मी तो फॉर्म्युला पुन्हा कधी लिहिला नाही. हुकूम म्हणजे हुकूम, नकार म्हणजे नकार, पोरांकडून दहादा घोटून घेतलं. त्या वर्षी माझ्या बॅचचा अर्धा अर्धा मार्क गेला असेल तर जाऊ दे. कुणी वसूल करायला आलं, तर मी देणार नाही.

तलाठी यायच्या दिवशी रजा टाकून गावी गेलो. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली टेबल मांडलं होतं. पुरुष पुढं, बाया मागं शाळेच्या पडक्या भिंतीपाशी. माय त्यांच्यात होती. मी तिच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "माय, आज नीट सांगतो. शपथ." तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

आमच्या घराचा पुकारा झाला. आबा पुढं गेले. आज दाढी केलेली, मिशी वर.

तलाठी म्हणाला, "घरं किती धरू?"

"एकच," आबा म्हणाले. "मोठं धरा. भावजय आमच्यातच ऱ्हाती. तिचीच विनंती हाय तशी."

मी तोंड उघडलं. मागून एक हात आला आणि मला बाजूला सारलं, दाराआड उभा असलेला खराटा सारावा तसं. माय टेबलापाशी आली. पदर डोक्यावर होता, कपाळापर्यंत ओढलेला होता, पण तोंड भिंतीकडं नव्हतं. पटांगणात भिंतही धड उरली नव्हती म्हणा.

आबांनी मान दुसरीकडं वळवली आणि मला म्हणाले, "तुझ्या मायला सांग, चारचौघात तमाशा नको."

सवयीनं मी मायकडं वळलो. "माय, आबा म्हणतात…"

"मला आलं ऐकू. म्या काय भयरी हाय का?" मग ती आबांकडं वळली. भायाला हाक कशी मारायची, हे तिला ठाऊक नव्हतं. कधी मारलीच नव्हती. ती नुसतं म्हणाली, "ऐका."

भिंतीपाशीच्या बाया दोन पावलं पुढं सरकल्या.

"म्या विनंती केली न्हाई. म्या न्हाई म्हणलं व्हतं. माझं घर यगळं पायजे आन दार रस्त्यावर पायजे."

आबा मलाच म्हणाले, "तिला विचार, आमी तिला कशात कमी केलं?"

"मला इचारा," माय म्हणाली. "म्या हितं हाय. आत्ता हाय."

मी शिकवतो त्या इनडायरेक्टमध्ये सगळ्यात आधी हेच शब्द बदलतात. मीचं ती होतं, इथंचं तिथं, आत्ताचं तेव्हा. त्या दिवशी एकही बदलला नाही.

आबांनी शेवटी तिच्याकडं बघितलं. पूर्ण नाही, तिच्या पायांपर्यंत. "मागं दोन खण देतोच की. पयल्यासारखं."

"पयल्यासारखं न्हाई पायजे. तुमी ओसरीवर बसला, की म्या आत उभी. पाण्याला उभी, शेताला उभी. जलम उभ्यानं गेला. त्या घरातून कुणाला न इचारता म्या एकदाच भायेर पडले, ते बी भिंत पडली म्हणून."

मागं बायांमध्ये कुणीतरी नाक ओढलं. आबांची नजर तिच्या पायांवरून वर आली.

"हे तू कदी बोलली न्हाईस."

"धाडलं की बोलून. कांद्याच्या येळंला म्हणलं न्हाई का, डोक्यावरून जाऊ का तुमच्या म्हणून?"

"डोक्यावरून?" आबांच्या भुवया वर गेल्या. "मला तर आलं, सरकवले तर बरं म्हणून."

"बरं? बरं म्या कशाला म्हणू? आन तुमी काय म्हणलात? बघतो. आजवर बघूनच ऱ्हायलात."

"म्या बघतो म्हणलं?" आबांचा आवाज चढला. "म्या म्हणलं, तिनं तिच्या जागी ऱ्हावं!"

"असं म्हणलात व्हय?" मायनं पदर कानामागं सारला. "मंग त्याच दिवशी आले असते की पुढं बोलायला!"

"आन सुगीच्या येळंला, शेतावर येऊ का म्हणून तू आदबीनं इचारलं, ते?"

"म्या इचारलं न्हाई. येते म्हणलं व्हतं."

दोघंही थांबले. मग दोघांनी मिळून, अगदी सावकाश, माझ्याकडं बघितलं. त्यांच्यामागून गावानंही बघितलं. मी तलाठ्याकडं बघितलं. त्यानं कागदात तोंड घातलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. खाली जमीन फाटली तर बरं, असं तेव्हा मनात आलं. आमच्याकडं त्या वर्षी असं मनातसुद्धा आणायचं नसे, तरी आलं.

तलाठ्यानं खाकरून विचारलं, "मग काय लिहू, आबा?"

आबांनी मिशीवर हात फिरवला. माय जागची हलली नाही. आज वाट सोडायची पाळी त्यांची होती, आणि उभी राहिली असली तरी ती कुणाच्या उठण्याची वाट बघत नव्हती.

"लिहा," आबा म्हणाले. "चूल यगळी हाय. घर यगळं. दार रस्त्यावर."

मग ते मायकडं वळले आणि जन्मात पहिल्यांदा, मधे कुणी न घेता, तिला म्हणाले, "इतकी वर्सं आपुन ह्या येड्याच्या तोंडानं बोलत व्हतो व्हय? म्हैसच बरी व्हती की."